हत्ती गेला, शेपूट राहिलं

माझी आजी कुठलंही काम नव्वद टक्के होऊन अडकलं की म्हणायची, 'हत्ती गेला, शेपूट राहिलं.' मी ही म्हण प्रोजेक्ट रिलीजच्या आदल्या रात्री बऱ्याचदा वापरलीय. पण ती एखाद्या रविवारी सकाळी अक्षरशः खरी होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

झालं असं. आमच्यासारखी काही खुळी मंडळी रविवारी सकाळी साडेसहाला शहराबाहेरच्या एका माळावर रेडिओ कंट्रोलची हेलिकॉप्टरं उडवायला जातात. (बायको याला 'दुसरं लग्न' म्हणते.) माझ्याकडे एक सेकंडहँड, जुन्या बनावटीचं हेलिकॉप्टर आहे. वजन ३१० ग्रॅम, मोठा पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत ५२ सेंटिमीटर. वर एक मोटर मोठा पंखा फिरवते आणि शेपटीच्या टोकाला एक चिमुकली मोटर छोटा पंखा फिरवते. दोन्ही मोटरी जुन्या धाटणीच्या, म्हणजे ब्रशवाल्या. उडायचं, पण लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखं. चाललंय आपलं.

मग मला अप्रेझल मिळालं आणि अक्कल गेली. मी मोठ्या पंख्याची मोटर बदलून दणदणीत ब्रशलेस मोटर बसवली. पहिल्याच फ्लाइटला हेलिकॉप्टर असं सूं करून वर गेलं, की मी माळावरच नाचलो. दुसरी फ्लाइट तशीच. तिसऱ्या फ्लाइटला बॅटरी संपत आली होती, तरी 'एक शेवटचा पंच' म्हणून मी थ्रॉटल वर ढकलला.

नाक डावीकडे वळलं. मी काठी उजवीकडे दाबली. नाक आणखी डावीकडे. काठी पार टोकाला गेली, तरी हेलिकॉप्टर डावीकडे गोल, गोल, गोल... भिंगरीच! आणि वाऱ्याबरोबर ते सरकत निघालं ते थेट पलीकडे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या दिशेने. मला 'बाजूला व्हा' असं ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसता 'ए...' निघाला. शेवटी थ्रॉटल एकदम शून्यावर आणला. हेलिकॉप्टर दगडासारखं पडलं. मी पावलं मोजली. मिडविकेटला उभ्या असलेल्या साताठ वर्षांच्या पोरापासून बारा पावलं.

पोराने ते बघितलं, हसला आणि बॉल आणायला पळाला. मी मात्र खाली बसलो. या खेळण्याचा मोठा पंखा मिनिटाला १९०० वेळा फिरतो. पात्याचं टोक ताशी १८० किलोमीटरच्या वर जातं. बारा पावलं म्हणजे काही नाही हो.

आमच्या माळावर एक काका येतात. सगळी हयात टूलरूममध्ये गेलेली, आता रिटायर. त्यांनी तुकडे गोळा केले, शेपटीची मोटर दोन बोटांत धरली आणि झटकन सोडून दिली. चटका बसला होता.

'अरे, मोठ्या भावाला जिमला पाठवलंस आणि धाकट्याला उपाशी ठेवलंस. दुसरं काय होणार?'

'पण काका, सकाळपासून तर नीट उडत होतं!'

'हॉवरला सगळ्यांचंच नीट असतं रे. शेपूट हॉवरसाठी निवडायचं नसतं. सगळ्यात वाईट क्षण कुठला, तो शोध आणि त्या क्षणासाठी निवड.'

गेले दोन महिने मी या एका वाक्यावर संध्याकाळी घालवल्यात. त्याचाच हा हिशोब.

खुर्ची गोल का फिरते?

आधी फंडा क्लिअर करू. ऑफिसात लंच टाइमला करून बघा. गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसा, पाय उचला, लॅपटॉपची बॅग दोन्ही हातांनी पुढे धरा आणि झटक्यात उजवीकडे फिरवा. खुर्ची डावीकडे जाईल. (बॉस बघत नाही याची खात्री करा.) हेलिकॉप्टरचं तेच. माझ्या हेलिकॉप्टरचा मोठा पंखा वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, म्हणून खालचं धूड उलट, डावीकडे फिरायला बघतं. या मरोडण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. त्याला थोपवायला शेपटीला आडवा जोर लावावा लागतो. इगोर सिकोर्स्कीने १९३९ मध्ये आपलं व्हीएस-३०० उडवलं, तेव्हा याच कामासाठी त्याला शेपटीला छोटा पंखा होता. आपल्या नौदलाच्या कामोव्ह-३१ सारखी काही हेलिकॉप्टरं एकावर एक दोन मोठे पंखे उलट-सुलट फिरवून ही भानगडच मिटवतात. बाकी बहुतेकांना शेपटीशी संसार करावा लागतो.

आता मोठ्या हेलिकॉप्टरात शेपटीचा पंखा मुख्य इंजिनालाच जोडलेला असतो. तो ठरावीक वेगाने फिरत राहतो आणि जोर कमी-जास्त करायला पात्यांचा कोन बदलतो. माझ्यासारख्या छोट्या मॉडेलमध्ये शेपटीला स्वतंत्र मोटर असते आणि पात्यांचा कोन कायम तोच. जोर हवा तर मोटर जोरात पळवायची, नको तर हळू. स्वस्त आणि सुटसुटीत. पण मोटरला वेग पकडायला वेळ लागतो, आणि ती फुल स्पीडला पोचली की संपलं. पुढे काही उरत नाही.

'मग जायरो कशाला असतो?' असं मीही काकांना विचारलं. जायरो म्हणजे शेपूट किती वळतंय हे सतत मोजणारी आणि मोटरला हुकूम देणारी चकती. पण जायरो हा मॅनेजर आहे मंडळी! तो 'अजून जोर लाव' असे मेल वर मेल पाठवू शकतो. ज्याने काम करायचं तो आधीच शंभर टक्क्यांवर असेल, तर मेल पाठवून काय उपयोग?

वजनकाट्यावरचं सत्य

काकांच्या सांगण्यावरून मी गणित मांडलं. बारावीनंतर पहिल्यांदाच. माझं हेलिकॉप्टर हवेत स्थिर असताना मोठ्या पंख्याला साधारण २५ वॅट लागतात. १९०० आरपीएमला त्याचा टॉर्क काढला आणि शेपटीच्या २७ सेंटिमीटर लांबीने भागला, की शेपटीला लागणारा जोर येतो ४७ ग्रॅम. नवी मोटर जोरात वर खेचते तेव्हा ६० वॅट लागतात. मग शेपटीला लागतात ११४ ग्रॅम. म्हणजे अडीचपटीच्या जवळपास.

मग शेपटीची मोटर दांडीसकट किचनमधल्या वजनकाट्यावर अशी बांधली, की पंख्याचा जोर काट्यावर पडेल. (मोठा पंखा काढून! हे विसरू नका.) फुल चार्ज बॅटरीवर काटा दाखवतो १०० ग्रॅम. हॉवरच्या दुप्पट! म्हणूनच सकाळी सगळं झकास वाटत होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. दोन सेलची लिपो बॅटरी फुल असताना ८.४ व्होल्ट देते. संपत आली आणि वरून मोठ्या मोटरने ओढलं, की ७ व्होल्टवर येते. मोटरचा टॉप स्पीड व्होल्टेजच्या प्रमाणात घसरतो आणि पंख्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे व्होल्टेज १७ टक्के पडलं की जोर ३० टक्के पडतो. शंभराचे झाले सत्तर. मागणी ११४, पुरवठा ७०. हेलिकॉप्टर भिंगरी झालं नसतं तरच नवल!

त्या दिवशी माझी शेपटीची मोटर बिघडली नव्हतीच. ती बिचारी पूर्ण जोर लावत होती. बॅटरी संपत असताना 'एक शेवटचा पंच' मारणारा मी होतो.

चार पर्याय, चार स्वभाव

आता प्रश्न, बसवायचं काय? माळावर चार जणांना विचारलं तर पाच मतं मिळतात. मी सगळी ऐकली आणि ती चार गटांत बसवली.

पहिला पर्याय, तीच ब्रशवाली मोटर, नवी. खर्च एका कॉफीचा. सोल्डरचे दोन टाके मारले की झालं. पंखा थोडा मोठा लावला तर? मीही लावून बघितला. पंखा फक्त दहा टक्के मोठा केला तर त्याच वेगाला जोर साधारण ४६ टक्के वाढतो, पण मोटरवरचा भार वाढतो ६१ टक्के. ब्रश म्हणजे आत घासत राहणारे वीजवाहक. भार वाढला की ठिणग्या, उष्णता आणि झीज. माझी एक मोटर अशी चाळीसेक फ्लाइट्समध्ये वारली.

दुसरा पर्याय आमच्या जुन्या मंडळींचा लाडका, शेपटीला दोन मोटरी शेजारी शेजारी. प्रत्येकीला निम्मं काम. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे करंट निम्मा झाला की प्रत्येक मोटर एक चतुर्थांशच तापते. कल्पना झक्क आहे. पण शेपटीच्या टोकाला एक ग्रॅम वाढवणं म्हणजे सी-सॉच्या टोकावर पोरगं बसवण्यासारखं. २७ सेंटिमीटरवर ४ ग्रॅम वाढले, तर तोल सांभाळायला माझी ५४ ग्रॅमची बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे सरकवावी लागते. आणि माझ्या हेलिकॉप्टरात पुढे तेवढी जागाच नाही. एकाच इंचात सगळं कोंबलेलं. मुंबईतला वन रूम किचन बघा!

तिसरा पर्याय, ब्रशलेस मोटर. आत घासायला काही नाही, ताकद जास्त, आयुष्य मोठं. पण तिला तीन तारा लागतात आणि चालवायला स्वतंत्र स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी. माझ्या जुन्या हेलिकॉप्टरात रिसीव्हर, जायरो आणि दोन्ही मोटरींचे कंट्रोलर असं सगळं एकाच डबीत होतं. ती डबी फक्त ब्रशवाल्या मोटरीची भाषा बोलते. म्हणजे मोटर बदलायची तर डबी काढा, वेगळा रिसीव्हर घ्या, वेगळा जायरो घ्या. नळ बदलायला गेलो आणि अख्खं बाथरूम उखडलं, तसा प्रकार.

चौथा पर्याय, मोठ्या हेलिकॉप्टरसारखी खरी शेपूट. मोठ्या पंख्याच्या गिअरवरून बेल्ट किंवा लांब दांडा मागे जातो, शेपटीचा पंखा मोठ्याच्या चार-साडेचार पट वेगाने फिरतो आणि एक चपळ सर्व्हो पात्यांचा कोन बदलतो. वेग पकडायची वाट बघायला नको. डावीकडे हवा तर डावीकडे, उजवीकडे हवा तर उजवीकडे, जोर ताबडतोब. हेलिकॉप्टर उलटं उडवणाऱ्यांचा वर्षानुवर्षं हाच धर्म होता. मात्र पार्ट्स जास्त, पडल्यावर तुटणार जास्त. आणि माझ्या जुन्या सांगाड्यावर हे चढवायचं म्हणजे हेलिकॉप्टरच नवं घेणं आलं.

मी तिसऱ्याकडे झुकलो, त्याला आणखी एक कारण होतं. शेपटीला वेगळी मोटर म्हणजे 'खेळण्यातलं' असं एकेकाळी सीनियर मंडळी नाक मुरडून म्हणत. आता ओएमपी हॉबी एम-२ किंवा गूस्काय एस-२ सारखी छोटी हेलिकॉप्टरं बघा. ना गिअर, ना बेल्ट. वर एक ब्रशलेस, शेपटीला एक ब्रशलेस, दोन्ही थेट पंख्याला. आणि पठ्ठी उलटी-पालटी सगळी नाचतात. फरक पडला तो मोटरींनी आणि त्याहून जास्त ईएससीने. ड्रोनवाल्यांना बीएलहेली हे नाव पाठ असेल. ईएससीत चालणारं हे सॉफ्टवेअर सुरुवातीला छोट्या हेलिकॉप्टरांसाठीच लिहिलं गेलं आणि त्यात शेपटीच्या मोटरसाठी वेगळी आवृत्ती होती. नव्या ईएससी मोटरला नुसत्या पळवत नाहीत, तिला ब्रेकही लावतात. थ्रॉटल झटकन कमी केला की शेपटीचा जोरही तितक्याच झटकन उतरायला हवा ना! नाहीतर नाक भसकन उजवीकडे.

मी काय केलं

आता मोटर कुठली, हा प्रश्न. मोटरच्या अंगावर केव्ही लिहिलेलं असतं. एका व्होल्टला, भार नसताना, किती आरपीएम. जास्त केव्ही आणि छोटा पंखा घेतला तर शेपूट चपळ होते, कारण छोट्या पंख्याला वेग बदलायला वेळ कमी लागतो. कमी केव्ही आणि मोठा पंखा घेतला तर करंट कमी खाऊन जोर मिळतो, पण प्रतिसाद आळसट. मी तीन पंखे आणून मधला घेतला. मधला निवडण्यामागे हुशारी काही नव्हती. मोठा लावला की मोटर हाताला लागेना इतकी तापत होती आणि छोटा लावला की काटा हलत नव्हता.

वजनकाट्यावर निकाल असा : फुल बॅटरीवर १७० ग्रॅम, ७ व्होल्टवर ११८. मागणी ११४. म्हणजे काठावर पास. चार मार्कांनी! काकांना अभिमानाने सांगितलं, तर ते म्हणाले, 'पस्तीस मार्कांवर पेढे नसतात वाटायचे.'

मग आणखी दोन गोष्टी केल्या, दोन्ही फुकटातल्या. एक, मोठ्या पंख्याचा वेग १९०० वरून २१०० केला. पॉवर तीच ठेवून पंखा जोरात फिरला की टॉर्क कमी होतो. कागदावर ११४ चे १०३ झाले. शेपटीवर पैसा घालण्याआधी ही युक्ती करून बघा. कित्येकदा आजार डोक्यात असतो आणि औषध आपण शेपटीला देतो. दुसरी, ट्रान्समीटरवर टाइमर लावला. पाच मिनिटं झाली की हेलिकॉप्टर खाली. बॅटरीतला शेवटचा थेंब पिळून काढायची सवयच मोडली.

मग जायरोचा गेन. हा म्हणजे मॅनेजरचा आवाज किती चढा असावा, त्याचं सेटिंग. कमी ठेवला तर शेपूट वाऱ्याबरोबर भरकटते. जास्त केला तर ती कुत्र्यासारखी थरथर हलायला लागते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं म्हणतात. हे मात्र सरळ होतं. थरथर सुरू होईपर्यंत गेन वाढवायचा आणि मग दोन पायऱ्या खाली यायचं. चार रविवार गेले यात.

जाता जाता

उडवायला सुरुवात करणार असाल तर एवढं ऐका. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपला परिसर लाल, पिवळा की हिरवा ते आधी बघा. २०२१ चे ड्रोन नियम वाचा. फार लांबलचक नाहीत. मोटर बदलली की पहिली फ्लाइट गुडघ्याएवढ्या उंचीवर. उतरल्यावर शेपटीच्या मोटरला बोट लावा, पाच सेकंद बोट टिकलं पाहिजे. आणि शेपूट सुटलीच, तर काठी उजवीकडे दाबत बसू नका. थ्रॉटल बंद करा. मोठ्या पंख्याची पॉवर गेली की टॉर्क गेला, टॉर्क गेला की फिरणं मंदावतं. हेलिकॉप्टर मोडेल. मोडू दे.

मागच्या रविवारी पुन्हा उडवलं. क्रिकेटवाले यायच्या आधी, माळाच्या पार दुसऱ्या टोकाला. चार मिनिटं चाळीस सेकंद झाल्यावर मुद्दाम पंच दिला. हेलिकॉप्टर वर गेलं. नाक जागचं हललं नाही. माझ्याकडे बघून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बघण्यासारखं काही झालंच नव्हतं. शेपूट नीट असली की ती आहे हे कळतच नाही. काकांनी फक्त मान हलवली. तीही वरून खाली. मला तेवढं पुरलं.

सामान आवरत होतो तेवढ्यात तो मिडविकेटवाला पोरगा आला. त्या दिवशी सॉरी म्हणायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, 'त्या दिवशी तुला लागलं असतं रे. सॉरी.' त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

'काका, ते परत तसं गोल गोल फिरवा ना!'

पहिल्यांदा कोणी मला 'काका' म्हटलं. माझं वय तीस पूर्ण व्हायचंय अजून. आता तो धक्का मोठा होता की बारा पावलांचा, हे ठरवायचं बाकी आहे. पण त्याला मी उत्तर दिलं, आणि मनापासून दिलं.

'नाही रे बाळा. आता ते होत नाही.'